सीनेच्या पुरानंतर अनुदान हाती येईपर्यंत

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुरात धाराशिव जिल्ह्यातील आमचे नदीकाठचे शेत दोनदा पाण्याखाली गेले आणि त्याबद्दलच्या शासकीय मदतीची शेवटची रक्कम जानेवारी २०२६ मध्ये आईच्या खात्यावर जमा झाली. या चार महिन्यांत गावातील अनेकांनी आम्हाला निरनिराळे प्रश्न विचारले आणि आम्हीही इतरांना तेच प्रश्न विचारत होतो. म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहून ठेवत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती कळल्यानंतर पुढचे सगळे समजायला सोपे जाते. बाहेरून एकच वाटणारी ‘मदत’ प्रत्यक्षात पीक, जमीन, विहीर, जनावरे, घर अशा स्वतंत्र बाबींची असते; प्रत्येक बाबीचा पंचनामा, यादी आणि निधी वेगळा असतो, आणि एका बाबीचे पैसे आले म्हणजे दुसरीचे आपोआप येतीलच असे मुळीच नाही.

आमची जमीन १ हेक्टर ८० आर. वडील २०२३ मध्ये गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, मी आणि ताई यांची नावे लागायची राहिली होती. ती राज्यभर १ एप्रिल २०२५ पासून राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत लागली. तेव्हा हे काम आम्हाला फारसे तातडीचे वाटले नव्हते, पण मयत खातेदाराच्या नावावर अनुदान अडकून पडलेली गावातील कुटुंबे नंतर पाहिली, तेव्हा त्या मोहिमेचा खरा उपयोग लक्षात आला. ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून मयताचे नाव आहे, त्यांनी पुढच्या संकटाची वाट न पाहता वारस फेरफार करून घ्यावा.

पहिले पाणी २२ सप्टेंबरच्या सुमारास आले. सोयाबीन काढणीला आलेले होते, शेंगा भरलेल्या होत्या. पाणी ओसरायला लागले तोच २७ तारखेपासून पुन्हा पाऊस झाला आणि दुसऱ्या पुराने नदीकडच्या बांधासह वरची माती वाहून नेली. उसाच्या चाळीस आर तुकड्यात पाणी इतके दिवस साचून राहिले की बुडातून ऊस कुजू लागला. आई दोन दिवस शेताकडे फिरकलीच नाही. जनावरे आम्ही आधीच वरच्या वस्तीवर नेली होती, त्यामुळे ती वाचली. पुढच्या गावांमधून लोकांना हेलिकॉप्टरने काढल्याच्या बातम्या येत होत्या, त्या मानाने आमचे बरेच निभावले असे म्हणायला हवे.

पाण्यातून चालत जाण्यासारखी वाट झाल्यावर पहिले काम केले ते छायाचित्रांचे. तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छायाचित्रावरच उमटवणारे जिओ-टॅगचे अॅप मोबाइलमध्ये घेतले आणि प्रत्येक तुकड्याची चारही कोपऱ्यांतून छायाचित्रे काढली. पंचनाम्याला येणारे पथक स्वतःची छायाचित्रे काढतेच. तरीही आपल्याकडची छायाचित्रे पुढे कामाला आली. त्याच दिवशी तलाठी भाऊसाहेबांना नुकसानीची माहिती लेखी दिली. त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे आहे, गावात मात्र सगळे तलाठीच म्हणतात. अर्ज साधा, एका पानाचा होता: गट क्रमांक, क्षेत्र, पीक, नुकसानीचा प्रकार, संपर्क क्रमांक. त्याच्या दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख घेतली.

पीक विम्याबद्दल गावात त्या आठवड्यात मोठा गोंधळ होता. पूर्वीच्या सवयीने लोक बहात्तर तासांच्या आत विमा कंपनीला कळवण्यासाठी फोन लावत होते आणि मंडळी रात्री बारापर्यंत मोबाइल धरून बसत होती. परंतु खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयातील पीक विमा बंद झाला आणि त्याबरोबरच स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक तक्रार करून भरपाई मिळवण्याची तरतूदही राज्याच्या योजनेतून गेली. त्या हंगामापासून भरपाई ठरू लागली ती महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगात निघालेल्या सरासरी उत्पादनावरून. म्हणजे त्या फोनचा आमच्या बाबतीत काही उपयोग नव्हता. विमा आणि शासकीय अनुदान या दोन अगदी निराळ्या वाटा आहेत, आणि मी पुढे फक्त अनुदानाबद्दल लिहिणार आहे.

पंचनाम्याचे संयुक्त पथक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दसरा झाल्यावर आले. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघे मिळून पाहणी करतात. पिकाचे नुकसान तेहतीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच ते मदतीस पात्र ठरते. आमच्याकडे त्याबद्दल वाद होण्यासारखे काही उरलेच नव्हते. खरा प्रश्न जमिनीचा होता. नदीकडच्या चाळीस आर क्षेत्रातील निम्म्या भागातली माती खरडून जाऊन खाली मुरूम उघडा पडला होता, आणि उरलेल्या निम्म्यावर वाळूमिश्रित गाळाचा थर बसला होता. दिसायला दोन्ही सारखेच उद्ध्वस्त, पण शासनाच्या निकषांत या दोन वेगळ्या बाबी आहेत. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये, तर गाळ साचलेल्या जमिनीसाठी हेक्टरी १८,००० रुपये, तेही गाळाचा थर तीन इंचांपेक्षा जास्त असेल तर. या दोन्ही बाबींची मदत अल्प व अत्यल्प भूधारकांनाच, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना मिळते. कृषी सहायकांनी तीन ठिकाणी खड्डे घेऊन पट्टीने थर मोजला आणि पट्टी खड्ड्यात उभी धरून छायाचित्र घेतले. आपल्याकडे असा प्रकार असेल तर पथक येण्यापूर्वी जमीन सपाट करू नये. आमच्या शेजाऱ्यांनी हरभऱ्याच्या घाईने ट्रॅक्टर घालून गाळ पसरवला, आणि मग थर किती होता हे दाखवायला त्यांच्याकडे काही राहिले नाही.

पंचनामा झाल्यावर त्याची प्रत, निदान मोबाइलवर छायाचित्र, मागून घ्यावी. आमच्या पंचनाम्यात सोयाबीन १ हेक्टर, ऊस ४० आर, खरडलेली जमीन २० आर आणि गाळाची जमीन २० आर अशी नोंद झाली, आणि ती प्रत हाती होती म्हणूनच पुढची चूक वेळेत दुरुस्त होऊ शकली. पंचनाम्यातील पीक ई-पीक पाहणीशी जुळवले जाते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑगस्टमध्ये शेतात उभे राहून अॅपवर पिकाचे छायाचित्र टाकण्याचे काम कंटाळवाणे वाटते, पण सातबाऱ्यावर पीक पेराच नसेल तर वाहून गेलेले सोयाबीन पुराव्यानिशी दाखवायचे कसे?

७ ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात २९ जिल्हे आणि २५३ तालुके होते, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पावसाची अट बाजूला ठेवली होती आणि क्षेत्राची मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर केली होती. त्या संध्याकाळी पारावर सगळ्यांच्या तोंडी हेक्टरी साडेअठरा हजार हाच आकडा होता. त्याची फोड अशी होती: जिरायत पिकासाठी निकषांप्रमाणे ८,५०० रुपये आणि त्यावर रब्बीच्या बियाणे-खतासाठी राज्याचे १०,००० रुपये. बागायतीसाठी १७,०००, बहुवार्षिक पिकांसाठी २२,५००, आणि त्यांवरही तेच १०,०००. हे दोन भाग एकत्र येणार नाहीत, त्यांचे शासन निर्णय वेगळे निघतील, ही बाब भाषणात हरवली. त्यामुळे पहिला हप्ता आला तेव्हा निम्मेच पैसे आले, मधले कुणी खाल्ले, अशी चर्चा सुरू झाली. शासन निर्णय वाचायला रुक्ष असतात, पण राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ते मराठीतच मिळतात, आणि पारावरच्या दहा मतांपेक्षा एक परिशिष्ट अधिक उपयोगी पडते असे माझे मत झाले आहे.

दिवाळीपूर्वी गावातील बऱ्याच जणांच्या खात्यात पैसे आले. आमच्या आले नाहीत. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. त्या दिवशी आई काही बोलली नाही, पण शेजारच्या काकू पैसे आल्याचे सांगून गेल्यावर तिने मला दोनदा विचारले, ‘आपलं काय झालं रे?’ कारण तलाठ्यांकडे समजले. ज्यांचा अॅग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या शासकीय डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक तयार होता, त्यांना ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्याची, गरज ठेवलेली नव्हती आणि त्यांची रक्कम थेट जात होती. आईचा क्रमांक मात्र मंजुरीअभावी प्रलंबित होता, कारण सातबाऱ्यावर तिचे सासरी रूढ झालेले नाव आहे आणि आधारवर माहेरचे. त्यामुळे आमची नोंद जुन्या वाटेने, म्हणजे विशिष्ट क्रमांक आणि ई-केवायसी या मार्गाने जाणार होती.

ही वाट पुढीलप्रमाणे चालते. तहसील कार्यालयातून पंचनाम्यांची माहिती ऑनलाइन प्रणालीवर भरली जाते, मंजुरीनंतर प्रत्येक खातेदाराला एक विशिष्ट क्रमांक पडतो, आणि या क्रमांकांची यादी गावात ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा तलाठ्यांकडे येते. लोक तिला ‘व्हीके यादी’ म्हणतात. तो क्रमांक आणि आधार कार्ड घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात गेले की संगणकावर आपली माहिती उघडते. ती मान्य असेल तर आधार प्रमाणीकरण करायचे, मान्य नसेल तर तिथेच तक्रार नोंदवायची.

यादी येईपर्यंतचे दिवस वाया न घालवता आम्ही तीन कामे उरकली. पहिले, ताई भाऊबीजेला आली तेव्हा सामाईक खात्याची रक्कम आईच्या खात्यावर जमा करण्यास आम्हा दोघांची हरकत नाही असे संमतीपत्र लिहून दोघांच्या सह्या आणि आधारच्या प्रती जोडल्या. ताई पिंपरीला असते, नंतर सहीसाठी तिला बोलावणे अवघड झाले असते. दुसरे, आईच्या आधारला मोबाइल क्रमांक जोडून घेतला. त्याचे शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये झाले आहे. आयुष्यभर खुरपणी केलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हा आमच्या घरचा जुनाच अनुभव आहे, म्हणून ओटीपीची सोय असलेली बरी. तिसरे काम बँकेचे, आणि मला वाटते की अनेकांचे पैसे इथेच अडकतात.

अनुदान आपण दिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही. आधारशी जे खाते शेवटचे जोडले गेले असेल, त्या खात्यावर जाते. आईची दोन खाती आहेत. ती नेहमी वापरते ते एक, आणि २०१५ मध्ये उघडलेले जनधनचे दुसरे. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहता येते. ओटीपी टाकून पाहिले तर आधार जनधन खात्याशी जोडलेले निघाले. त्या खात्याची दहा वर्षांनंतरची केवायसी राहिलेली होती. आमच्यापुढे दोन पर्याय होते: आधार नेहमीच्या खात्याशी जोडून घ्यायचे किंवा जनधन खाते सुरळीत करायचे. आम्ही दुसरा निवडला, कारण आईचे इतर लाभही त्याच खात्यावर येतात आणि जोडणी बदलली की काही दिवस सगळेच अधांतरी राहते. बँकेत आधार, पॅन आणि छायाचित्र देऊन केवायसीचा अर्ज भरला, पासबुक छापून घेतले. शुल्क काही लागले नाही, मात्र गर्दीत अर्धा दिवस गेला.

आमचे नाव असलेली यादी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली. सेवा केंद्रात पडद्यावर माहिती उघडली तेव्हा ऊस बरोबर होता, पण सोयाबीनचे क्षेत्र १ हेक्टरऐवजी ६० आर दिसत होते. केंद्रचालक समजूतदार होता. तो म्हणाला, ‘काका, मान्य केलं तर आठवडाभरात पैसे येतील, तक्रार केली तर किती दिवस लागतील सांगता येत नाही.’ हिशेब साधा होता. चाळीस आरचे जिरायत दराने ३,४०० रुपये, आणि पुढे त्याच क्षेत्रावर मिळणारे रब्बीचे ४,००० रुपये. आईचे म्हणणे होते की आहे ते घ्यावे. मी मात्र तक्रार नोंदवली, कारण एकदा आपण माहिती मान्य केली की पुढची प्रत्येक रक्कम त्याच क्षेत्रावर निघणार हे दिसत होते. रब्बीची पेरणी समोर होती आणि घरात पैसा नव्हता. अशा वेळी कुणी कमी क्षेत्र मान्य करून मोकळा झाला तर त्यालाही मी नावे ठेवणार नाही.

तक्रार ऑनलाइन तहसीलकडे जाते, पण तिच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज केला आणि त्यासोबत पंचनाम्याची प्रत, पंधरा रुपयांचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद आणि तक्रारीची पावती जोडली. आवक कक्षात अर्ज देऊन आवक क्रमांक घेतला. हा क्रमांक फार महत्त्वाचा आहे. ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ‘अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या टेबलावर आहे’ असे विचारले की अव्वल कारकून नोंदवही उघडतात. तिथले कर्मचारीही त्या काळात रात्रीपर्यंत बसून माहिती भरत होते आणि एकेका माणसाकडे कितीतरी गावे होती, हेही सांगायला हवे. आवाज चढवणाऱ्यांची कामे लवकर झाली असे मला तरी दिसले नाही. तलाठ्यांचा दुरुस्ती अहवाल गेल्यावर नायब तहसीलदारांच्या मान्यतेने क्षेत्र दुरुस्त झाले. नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा सेवा केंद्रात जाऊन ओटीपीने प्रमाणीकरण केले. चालकाने सेवेचे पैसे घेतले नाहीत, पावत्यांच्या छपाईचे वीस रुपये झाले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोयाबीनचे ८,५०० आणि उसाचे ६,८०० असे १५,३०० रुपये आले. त्यानंतर काही दिवसांनी रब्बीचे १४,००० रुपये आले. त्यासाठी नवा अर्ज किंवा केवायसी करावी लागली नाही. आमच्या भावकीतील एकाच्या खात्यात रक्कम जमा झाली आणि बँकेने ती थकीत पीक कर्जापोटी रोखून ठेवली. मदतीच्या रकमेतून कर्जाची वसुली करू नये असे शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेले असते. त्या परिच्छेदाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांना अर्ज दिल्यावर रक्कम मोकळी झाली.

जमिनीचे पैसे सर्वांत शेवटी आले. ही यादी वेगळी होती आणि तिच्यात आपले नाव आहे की नाही हे कुणी येऊन सांगत नाही; पिकाचे अनुदान मिळाले म्हणून निर्धास्त झालेल्यांनी तिची चौकशीच केली नव्हती. जानेवारीत खरडलेल्या वीस आरचे ९,४०० आणि गाळाच्या वीस आरचे ३,६०० रुपये जमा झाले. सगळे मिळून ४२,३०० रुपये. केवळ सोयाबीनच्या बियाणे, खत, फवारणी आणि मजुरीवर आमचा यातील बहुतेक भाग खर्च झाला होता, आणि सोयाबीन जाताना उत्पन्नही गेले. नदीकाठच्या तुकड्यावर जेसीबी लावला तेव्हा तासाला १,२०० रुपये असा दर होता आणि नुसता गाळ ओढायलाच मिळालेल्या ३,६०० पेक्षा जास्त लागले. मदत निकषाच्या दराने मिळते, झालेल्या नुकसानीच्या हिशेबाने नव्हे, हे मनाशी धरून चालले तर निदान दुसऱ्यांदा निराशा होत नाही. तरीही रब्बीचे पैसे हाती आले म्हणून दुकानदाराची हरभऱ्याच्या बियाण्याची उधारी वेळेत फिटली, हे नाकारता येणार नाही.

विहिरीबद्दल आम्हाला अनुभव नाही, कारण आमची विहीर वरच्या अंगाला आहे. ज्यांच्या विहिरी गाळाने बुजल्या त्यांच्यासाठी ३०,००० रुपयांपर्यंत मदत जाहीर झाली होती, आणि तिचा अर्ज तहसीलमध्ये नव्हे तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे करावा लागला.

खरडलेल्या जमिनीसाठी रोखीशिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतचे काम करून देण्याचीही घोषणा झाली होती. आमचा त्यासाठीचा अर्ज ग्रामपंचायतीकडे दिलेला आहे. जॉबकार्ड आईच्या नावे आहे, माझे नाव त्यात नव्याने घालून घेतले. ग्रामसेवकांच्या सांगण्याप्रमाणे आधी अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, मग काम. तोपर्यंत त्या वीस आरमध्ये काही पेरलेले नाही. उन्हाळ्यात तलावातला गाळ मिळाला तर पदरच्या खर्चाने दोन-चार ट्रॉल्या टाकून पाहू, मात्र त्याआधी तलाठ्यांना विचारून परवानगीचे काय ते लेखी करून घेऊ.